फलकराव, तुमची तब्येत कशी आहे?

प्रति,
श्री. रा. रा. फलकराव,
मु. मेन गेट, सिक्युरिटी केबिनशेजारी,
वाळूज औद्योगिक वसाहत,
छत्रपती संभाजीनगर.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुमची तब्येत. ती उत्तम आहे हे येता-जाता दिसतंच, तरी विचारायची रीत म्हणून विचारतो. हिरवा रंग ताजा आहे, वरच्या हेल्मेटवाल्या माणसाचं हसू शाबूत आहे, ‘सुरक्षा प्रथम’मधला ‘प्र’ पावसाने पुसला होता तोही नवा झाला. आणि छातीवरचा तो आकडा! ‘अपघातविरहित दिवस’ यापुढची पाटी सिक्युरिटीतले मामा रोज सकाळी स्टुलावर चढून बदलतात. ती चार अंकी होऊनही बरेच महिने झाले. आमच्यापैकी कोणाचं ब्लडप्रेशर किंवा शुगर इतक्या शिस्तीत चालत नाही.

कंपनीच्या दवाखान्याबद्दल कोणाला तरी लिहायचं होतं. डॉक्टरसाहेबांना लिहावं तर ते कागद दिसला की वाचण्याआधी सही करतात. एचआरला लिहावं तर ‘सजेशन बॉक्समध्ये टाका’ म्हणतात, आणि त्या बॉक्सची किल्ली कोणाकडे आहे हे एचआरलाच ठाऊक नाही. मग विचार करताना ध्यानात आलं, की त्या दवाखान्याचा खरा पेशंट तुम्हीच. आम्ही तिथे जातो, स्टुलावर बसतो, गोळी घेऊन परत येतो. उपचार होतात ते तुमच्यावर. तेव्हा तक्रारही तुमच्याचकडे केलेली बरी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमचे भाऊबंद चिकलठाण्यात आहेत, शेंद्र्यात आहेत, चितेगावात आहेत, आणि प्रत्येकाला वाटेल की पत्र आपल्यालाच आलंय. वाटू द्या. ऐंशीच्या दशकात वाळूजला वसाहत वाढली, दुचाकींचा मोठा कारखाना आला, त्यामागून सुटे भाग करणाऱ्या शेडच्या शेड उभ्या राहिल्या. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची पोरं आली, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातली आली. बजाजनगर आणि रांजणगाव शेणपुंजीच्या दहा बाय दहाच्या खोल्या भरल्या. त्या सगळ्या माणसांची काळजी घ्यायला गेटागेटावर तुमची नेमणूक झाली. माणसांना पर्मनंट करायला कंपनी दहा वेळा विचार करते. तुम्ही पहिल्या दिवसापासून पर्मनंट.

आता दवाखान्याच्या सेवांचं वर्णन करतो. तुम्ही गेटवर असता, आत कधी आला नाहीत.

कॅन्टीनच्या मागे, भंगाराच्या शेडला लागून ही खोली आहे. दारावर लाल फुली. आत एक खाट, तिच्यावर जुन्या डायऱ्यांचे गठ्ठे. भिंतीवर साप चावल्यास काय करावे याचा तक्ता. प्रेसमध्ये हात सापडल्यास काय करावे याचा नाही. डॉक्टरसाहेब मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, चहा होईपर्यंत थांबतात. एरवी कंपाउंडरभाऊ असतात, तेही जनरल शिफ्टला. कपाटात पांढरी गोळी, पिवळी गोळी, गुलाबी गोळी आणि एक फवारा. डोकं दुखतंय, पांढरी. पाठ दुखतेय, पिवळी आणि वरून फवारा. पिवळीने पोटात आग पडली, तर तिच्यासाठी गुलाबी. चक्कर आली तर ओआरएसचं पाकीट, आणि ‘नाश्ता करून येत जा रे’ हा सल्ला मोफत.

सगळं मोफतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षानुवर्षं पाठीसाठी पिवळी गोळी खाणाऱ्या माणसाची किडनी आणि ब्लडप्रेशर कधीतरी तपासावं लागतं. कास्टिंगचा क्रेट उचलणारे सगळेच एका बाजूला वाकून का चालतात, हेही कोणीतरी विचारावं लागतं. इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली निघालं. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारत जा, असं त्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं. सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्या साहेबांनी तो प्रश्न मला एकदाही विचारलेला नाही. ‘कुठल्या ठेकेदाराकडे?’ हे मात्र पहिल्याच भेटीत विचारलं.

रात्रपाळीला खोलीला कुलूप. किल्ली सिक्युरिटीकडे, आणि सिक्युरिटीचा माणूस राउंडवर. १९४८च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सांगितली, ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या ताब्यात असावी असं सांगितलं. ५००पेक्षा जास्त कामगार असतील तर डॉक्टर आणि नर्स असलेली ॲम्ब्युलन्स रूम सांगितली. आणि हे सगळं कामाच्या वेळात सदैव हाताशी असलं पाहिजे, हेही लिहिलं. आता रात्री दोन वाजता प्रेस चालू असते तेव्हा ती कामाची वेळ धरायची की नाही, हा प्रश्न कंपनीने स्वतःपुरता सोडवला आहे.

इतक्या रिकाम्या खोलीला दवाखाना का म्हणायचं, असं तुमच्या मनात येईल. म्हणून खऱ्या कामाबद्दल सांगतो.

प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडचा एक पोरगा होता, विशीतला. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडावा, म्हणजे हात डायमध्ये राहणार नाहीत. समोर लाइट कर्टन असतो, प्रकाशाचा पडदा. त्यात हात आला की मशीन थांबतं. पण थांबलं की तासाचं टार्गेट बसत नाही. म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं, आणि कर्टन वायर टाकून बायपास केलेला. हे कोणी केलं? कोणीच नाही. आमच्या शॉपमध्ये अशा गोष्टी आपोआप होतात. पीस डायमध्ये अडकला, पोराने तो काढायला हात घातला, स्ट्रोक पडला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली.

त्यानंतर दवाखान्यात जी धावपळ झाली, ती पाहून मला खरंच भरून आलं. कंपाउंडरभाऊंनी पट्टी बांधली, त्यात त्यांची कसूर नाही. पाच मिनिटांत सेफ्टी ऑफिसर, एचआर, शिफ्ट इन्चार्ज आणि ठेकेदाराचा सुपरवायझर खोलीत हजर. इतके लोक त्या खोलीत मी सुरक्षा दिनालाही पाहिले नव्हते. ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, कारण तिची गेटवर नोंद होते. एका साहेबांची स्वतःची गाडी काढली. वाळूजशेजारचं पंढरपूर, गोलवाडी फाटा, नगर नाका ओलांडून, घाटीच्या सरकारी रुग्णालयाकडे न वळता, ओळखीच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. घाटीत नेलं तर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस होते, पोलीस कागद करतात. खासगीत केसपेपरवर लिहिलं गेलं की ‘घरी दरवाजात बोट सापडले’. दहा बाय दहाच्या खोलीचा पत्र्याचा दरवाजा, फलकराव! दोन पेरं साफ कापून नेणारा दरवाजा माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाठवून त्याला कामावर आणलं. हात गळ्यात बांधलेला. स्टोअरच्या ऑफिसात खुर्ची दिली आणि समोर जुन्या चलनांचा ढीग ठेवून ‘तारखेप्रमाणे लाव’ म्हणून सांगितलं. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो.

‘काय रे, कसं आहे?’

‘ठणकतंय दादा. रातभर झोप नाही.’

‘मग सुट्टी का नाही घेतली?’

‘नको म्हणले. नुसतं बसून राय म्हणले. पगार चालू ठेवतो म्हणले.’

‘आणि तू हो म्हणालास?’

‘ठेकेदार म्हणला, घरी बसला तर घरीच बस.’

आता तुमच्या औषधाचं नाव सांगतो. ४८ तास. कायद्याप्रमाणे अपघात झालेला माणूस लगेच पुढचे ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, की त्या अपघाताची सूचना सरकारला द्यावी लागते. मग निरीक्षक येतात, प्रेस बघतात, चिकटपट्टी बघतात. माणूस दुसऱ्या दिवशी पंच करून खुर्चीवर बसला, की तो कामावर हजर. हजर आहे म्हणजे अपघात झालेलाच नाही. त्या दिवशी सकाळी मामा स्टुलावर चढले आणि तुमच्या छातीवरच्या आकड्यात एकाची भर पडली. त्या आकड्याला धक्का लागला नाही, तर वर्षअखेरीला प्लांट हेडचा बोनस, कस्टमरच्या ऑडिटमधले गुण, आमच्या वाट्याचं मिठाईचं पाकीट, सगळं ठीक. पोराच्या बोटाचे दोन तुकडे भंगारात गेले की कुठे, हे विचारायला कोणी गेलं नाही.

पोराचं नुकसान किती झालं म्हणाल, तर त्याचाही दर ठरलेला आहे. कामगार विम्याच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात बोटांचा तक्ता आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात. पूर्ण तर्जनी १४ टक्के, तिची दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी, ७. त्या टक्क्याच्या हिशेबाने जन्मभर भरपाई मिळते. शिवाय जखम भरेपर्यंत, तीन दिवसांहून कमी नसेल तर, वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. दर माझ्या मते कमी आहेत, पण निदान आहेत. आमच्या पोराला मात्र तक्त्यात जागाच नाही, कारण त्याचं बोट दरवाजात सापडलं. दरवाजा विम्यात बसत नाही.

त्याचं विम्याचं कार्ड तरी होतं का, हा पुढचा प्रश्न. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांच्या नोंदी ठेवते, ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांना वर्षानुवर्षं हेच दिसलं, की बहुतेक जखमी कामगारांना विम्याचं ओळखपत्र मिळतं ते अपघाताच्या दिवशी किंवा त्यानंतर. म्हणजे आधी बोट जमा करायचं, मग कार्ड. आणि अपघात लपवता आला तर कार्डाचाही खर्च वाचला. पगारातून कापायचा कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाने भरायचा सव्वातीन टक्का, २०१९पासून एवढाच हप्ता आहे. पण ठेकेदाराच्या हिशेबात तोही जड.

ज्यांचं कार्ड आहे त्यांची तरी चैन आहे असं समजू नका. मोठं विमा रुग्णालय चिकलठाण्याला. वाळूजच्या माणसाने जखमी हात घेऊन छावणी, मग जालना रोड, मग मुकुंदवाडी असं अख्खं शहर पालथं घालायचं. पगार २१ हजारांच्या वर गेला, की विम्यातूनच बाहेर. ही मर्यादा २०१७पासून तशीच आहे. पगारवाढ होऊन होऊन माणूस कुठे मध्यमवर्गात पाय ठेवतो, तोच सरकारी औषधाचं दार बंद होतं आणि कंपनीची मेडिक्लेम सुरू होते. तिच्या पहिल्या पानावर काय काय चालणार नाही याची यादी असते.

तुम्ही नवे आहात, म्हणून थोडा इतिहास सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती हवी, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हवा, या मागण्या लोकांना थोड्याफार माहीत आहेत. त्याच यादीत आणखी एक मागणी होती. कामावर गंभीर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. रविवार १८९०मध्ये मिळाला. आज आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ती लाइट नसते म्हणून, पण असते. त्या दुसऱ्या मागणीला मात्र खुर्चीवर बसवून चलनं लावायला देतात.

पुढे १९४२ ते ४६ बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा केला. त्यातून १९४८चा विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभारलं, त्याच शहराच्या वसाहतीत आज विम्याचा हक्क असलेला कामगार खासगी हॉस्पिटलात ‘दरवाजा’ लिहून घेतो. आमच्या कंपनीत १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात. तो दिवस तुमच्या हिशेबातही अपघातविरहितच असतो.

आता वार्षिक आरोग्य तपासणीबद्दल. ही तर आमच्या दवाखान्याची शान. वर्षातून एकदा बाहेरून एजन्सीची गाडी येते. कॅन्टीनमध्ये टेबलं लागतात आणि पाळी सुटताना माणसांची रांग. उंची, वजन, ब्लडप्रेशर, भिंतीवरची अक्षरं, नळीत फुंका, कानाला हेडफोन लावा, पुढे सरका. संध्याकाळी सगळ्यांच्या कागदावर एकच शिक्का, ‘फिट’. प्लेटिंगमधला ज्याच्या नाकातून रक्त येतं तोही फिट, वेल्डिंगचा धूर खाऊन जिन्यात थांबणाराही फिट. इतकं निरोगी मनुष्यबळ ऑलिंपिकलाही मिळत नसेल.

कानाचं मी स्वतःवरून सांगतो. प्रेसच्या आवाजाने आतल्या नाजूक पेशी मरतात. सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांपासून होते, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, कळत नाही. कारण स्वर जाड असतात, ते पोचतात. ‘स’, ‘च’, ‘त’, ‘फ’ ही बारीक व्यंजनं गळून पडतात. मला ‘पाच’ आणि ‘सात’ सारखेच ऐकू येतात. पगारवाढीच्या बोलणीत हे फार सोयीचं नाही. आपल्याकडे मर्यादा ८ तासांना ९० डेसिबलची. आवाज ५ डेसिबलने वाढला तर वेळ निम्मी करायची, म्हणजे ९५ला ४ तास. आमच्याकडे मीटर आहे. तो कॅलिब्रेशनला गेला आहे. मी लागलो तेव्हाही गेलेला होता.

श्रवणचाचणी घ्यायची तर शांत बंद खोली लागते, आणि माणूस आधी निदान चौदा तास आवाजापासून लांब असावा लागतो. नाहीतर तात्पुरता बधिरपणा कोणता आणि कायमचा कोणता, हे समजत नाही. आमची चाचणी पाळी संपल्या संपल्या, कॉम्प्रेसरच्या भिंतीपलीकडे. हेडफोनमधली टिकटिक ऐकू आली की बोट वर करायचं. ऐकू काहीच येत नव्हतं, पण मागच्याने ढोसलं की मी बोट वर करत होतो. निकाल: फिट.

आवाजाने आलेला बहिरेपणा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस जिथे होते, त्याच यादीत. असा रोगी दिसला की डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवायचं. नाही कळवलं तर दंड. किती? २०२५पर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये. डॉक्टरसाहेबांच्या महिन्याच्या रिटेनरमध्ये बहुधा पेट्रोलच तेवढ्याचं असेल. मग त्यांनी माझ्या कानात डोकावून ‘मळ आहे, थेंब टाका’ म्हटलं, यात त्यांना दोष कसा द्यायचा? बहिरेपणाची नोंद झाली असती तर तुमच्या चार अंकांशेजारी एखादी नवी पाटी लावावी लागली असती. तुमचं सौंदर्य बिघडलं असतं.

असेंब्ली लाइनवर बायका आहेत. त्यांच्यासाठी दवाखान्यात वेगळी सोय काय, तर खोलीच्या दारावर पडदा. तिथे सिस्टर नाही. कंपाउंडरभाऊंपुढे त्या काय सांगणार? लघवीला सोडायला रिलीव्हर नसतो, म्हणून अनेकजणी पाळीभर पाणीच पीत नाहीत. मग जळजळ होते, ताप येतो. त्यालाही पांढरी गोळी. मे महिन्यात पत्र्याखाली एखादी भोवळ येऊन पडली, तर कागदावर लिहितात ‘उपवास’. चतुर्थी नसली तरी.

आणि ठेकेदाराची माणसं तर, निरीक्षक यायची वेळ आली नाही तर, तुम्ही मोजतच नाही. निळ्या ड्रेसवाला पडला तर तुमचा आकडा हलू शकतो, राखाडी ड्रेसवाला पडला तर तो ठेकेदाराच्या हिशेबात पडतो. कायद्यातली कामगाराची व्याख्या थेट नेमलेला आणि ठेकेदारामार्फत नेमलेला असा भेद करत नाही. पण तुम्ही व्याख्या वाचत नाही, तुम्ही ड्रेस बघता.

छोट्या शेडमध्ये तर तुम्हीही नाही आणि दवाखानाही नाही. ३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे आपल्याच वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. दुसऱ्यांचे हात वाचवायचा माल तयार करणारी माणसं! चार दिवस वसाहतीत अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा तपासल्या गेल्या.

तुमच्या खानदानातला मोठा माणूस अमेरिकेत होता. मेक्सिकोच्या आखातातली ‘डीपवॉटर होरायझन’ ही तेलविहीर खोदणारी तरंगती यंत्रणा. सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही, म्हणून अभिनंदन करायला बडे साहेब त्या दिवशी तिच्यावर गेले होते. दिवस होता २० एप्रिल २०१०. त्याच रात्री स्फोट झाला, अकरा माणसं गेली, समुद्र तेलाने काळा झाला. त्याआधी २००५मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत पंधराजण गेले. चौकशीत निघालं, की कंपनी घसरून पडणाऱ्यांचे आणि बोट कापणाऱ्यांचे आकडे पाहून स्वतःला सुरक्षित समजत होती. २०१२मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने लेखी सांगितलं, की अपघात न झाल्याबद्दल बक्षिसं वाटलीत तर लोक अपघात सांगायचे बंद होतात. आमच्याकडे मिठाईचं पाकीट मिळतं, त्यात दोन बालुशाह्या आणि थोडा चिवडा असतो. एवढ्या कमी पैशात इतकं मौन तिकडे मिळालं नसतं.

सगळे दवाखाने असे आहेत असं म्हटलं तर खोटं होईल. याच शहरात काही मोठ्या कारखान्यांत पूर्णवेळ डॉक्टर आहेत, रात्री नर्स असते, श्रवणचाचणीची खरी बंद खोली आहे. एका ठिकाणच्या सिस्टरबद्दल मी ऐकलं. ‘घरी पडला असं लिहा’ म्हणणाऱ्या मॅनेजरला त्यांनी पेन पुढे करून सांगितलं, ‘तुम्हीच लिहा आणि खाली सही करा.’ मॅनेजरसाहेबांना एकदम मीटिंग आठवली. आमच्या कंपाउंडरभाऊंचंही तसं बरं आहे. पोरगा आला त्या दिवशी त्यांनी ड्रेसिंग करताना हळूच विचारलं, ‘मोबाइलमध्ये फोटो काढलास का मशीनचा?’ नोकरी सांभाळून माणूस याहून जास्त काय करणार.

२१ नोव्हेंबर २०२५पासून जुन्या कारखाना कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी त्यात आहे, नेमणूकपत्रही आहे. चांगलंच आहे. फक्त ती तपासणी कॅन्टीनमध्ये, पाळी सुटताना, त्याच एजन्सीच्या त्याच शिक्क्याने होणार असेल, तर आमच्यातले म्हातारे दरवर्षी अधिकृतपणे तरुण होत जातील.

तुमच्याकडून काही फार नको. मामांनी रोज सकाळी स्टुलावर चढायचंच आहे, तर तुमच्या पोटाशी रिकामी जागा आहे तिथे चार ओळी लिहू द्या. काल दवाखान्यात कितीजण आले, कुठल्या मशीनवरून आले, कितीजणांना बाहेर न्यावं लागलं, आणि डॉक्टर किती वेळ होते. निळा आणि राखाडी असा भेद न करता. आकडा मोठा झाला तरी तुम्ही पडत नाही, फलकराव, तुमचे पाय काँक्रीटमध्ये आहेत. आणि माझ्या श्रवणचाचणीच्या कागदाची एक प्रत मला हवी आहे. तीन वर्षांच्या प्रती. त्या फायलीत असतीलच, मी फिट आहे ना.

कळावे, लोभ असू द्यावा ही विनंती.

आपला,
प्रेस शॉपमधला एक फिट कामगार

प्रत माहितीसाठी:
डॉक्टरसाहेब (मंगळवारी द्यावी, सही लगेच मिळेल).
एचआर (सजेशन बॉक्समार्फत).
ठेकेदार (कोणता, ते अपघातानंतर ठरेल).

ता. क. त्या प्रेसचा लाइट कर्टन अजून बायपासच आहे, फक्त वायर नवी टाकली आहे. त्यावर आता दुसरा पोरगा आहे. अर्ज दिला तर पोच मिळत नाही, म्हणून हे पत्र आज पाळी बदलताना तुमच्याच अंगावर चिकटवतो आहे. मामा बघत नाहीत असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं आहे.